दिव्याखालचा कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. डोकं नाही, मान नाही. शर्टाच्या बटणाएवढा नुसता कान. भिंतीला कान असतात, असं लोक म्हणतात. भिंत बिचारी फुकट बदनाम!

माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा आहे. कोणी बोललं की तो थरथरतो. ती थरथर मी बिनतारी लहरींवर बसवून बाहेर धाडतो. माझा कारागीर बढाई मारायचा, "याला मुंगीची शिंकसुद्धा ऐकू येते!" मुंग्या शिंकत नाहीत, मित्रांनो. मी पुष्कळ वाट पाहिली.

मला एका बुकबाइंडरच्या टेबलावरच्या दिव्याखाली चिकटवलं. खोली अंधारी, त्यामुळे दिवा दिवसभर चालू. दिवा लागला की मला वीज मिळे आणि मी जागा होई. त्या सुमारास नवा पूल कोसळून माणसं गेली होती. पुलाच्या कच्च्या कामाबद्दल लोकांनी आधीच केलेल्या तक्रारींचा गठ्ठा याच बुकबाइंडरने शिवून दिला होता. तपासावरच्या साहेबांना पुलाच्या कंत्राटदाराला वाचवायचं होतं. म्हणजे दुसरं कोणीतरी सापडायला हवं होतं.

रस्त्यापलीकडे, लाँड्रीच्या माळ्यावर, साहेबांचा टंकलेखक माझं धाडलेलं ऐकत बसे. साहेबांनी त्याला बजावलं होतं, "शब्द तेवढे टाइप करायचे. हसणं, खोकणं, उसासे गाळायचे. कागद काय झाडाला लागतात?"

एका सकाळी बुकबाइंडरची लेक म्हणाली, "बाबा, पूल कोणी पाडला ते शोधतायत म्हणे."

"अगं, मीच पाडला की! दाभणाने भोकं पाडली एकेका खांबाला."

"आणि कुणी पाहिलं नाही ते?"

"टोपीखाली दाभण लपवून नेला, तर दिसतो होय?"

दोघं इतकी हसली की माझा पडदा फाटतो की काय, असं मला वाटलं. ते हसू मी जसंच्या तसं धाडलं. कागदावर मात्र एवढंच उतरलं: पूल मीच पाडला. दाभणाने भोकं पाडली.

दुपारी साहेब माणसं घेऊन आले.

"अहो, थट्टा होती ती! आम्ही हसत होतो!" लेक ओरडली.

साहेबांनी कागद पुढे केला. "हसल्याचं कुठे लिहिलंय, दाखवा."

त्यांनी दाभण जप्त केला आणि बाबांनाही नेलं. दारातून बाबा म्हणाले, "दिवा मालव गं, उगाच जळतोय."

तिने मालवला नाही. माझ्यासमोर बसून ती दिवस मावळेपर्यंत रडली. तेही सगळं मी धाडलं. त्या दिवसाचं शेवटचं टिपण असं आहे: दुपारनंतर बोलणं झालं नाही.

पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. मला दिव्याखालून उचकटून त्या टिपणांच्या फायलीबरोबर कपाटात कोंबलं. फायलीत त्यानंतर पान नाही. तिची शिवणही कच्ची आहे. बाबांनी पाहिली असती, तर तोंडाने बडबडत उसवून पुन्हा शिवली असती.

मित्रांनो, कोणाचं ऐकायचं असेल, तर दार वाजवून आत जा, समोर बसा. आणि लिहून घ्याल, तेव्हा आधी हसणं लिहा.