दाराआडचा खुळखुळा

मला हलवलं की आधी माझा लाल रंग हलतो. माझ्या पोटातल्या बिया जागच्या सुटून लाकडावर आपटतात, त्या जराशा नंतर. रंग आणि आवाज यांच्यात एवढंसंच अंतर असतं, पापणी लवेल न लवेल इतकं. पुष्कळ वर्षं माझंही त्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. एका अरुंद गल्लीत लाकूड कातणाऱ्या कारागिराचं दुकान होतं, तिथे माझा जन्म झाला. यंत्रावर गरागरा फिरता फिरता माझं डोकं गोल झालं आणि मूठ बारीक झाली. कारागिराने मला आतून पोखरलं, चिमूटभर कडक बिया भरल्या, भोकावर अंगठा दाबून कानाशी हलवून पाहिलं. मग एक बी काढून टाकली आणि पुन्हा ऐकलं. मनासारखा आवाज आला तेव्हाच त्याने बूच बसवलं आणि माझ्या अंगावर लाल रंग चढवला.

मला विकत घ्यायला आलेल्या बाईला दिवस भरत आले होते. तिने विचारलं, "आवाज फार मोठा नाही ना हो? घरात सासूबाई दुपारच्या झोपतात."

"सासूबाईंची झोप मोडणार नाही आणि पोराचं रडं थांबेल, असा मापून केलाय," कारागीर म्हणाला. बाई हसली आणि मी तिच्या पिशवीत पडलो.

तिला मुलगा झाला. तो रडायला लागला की तिचे हात नेमके कणकेत नाहीतर फोडणीत असत. मग ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मला नुसती वाजवायची. पोराला ना ती दिसायची, ना मी. तरी ते रडता रडता मध्येच थबकायचं, ओल्या डोळ्यांनी मान वळवायचं आणि दाराकडे बघत राहायचं. आई जवळ आहे, हे त्याला माझ्या आवाजावरून कळायचं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत मानाचं काम होतं.

मुलगा मोठा झाला. मी शिवणाच्या डब्यात गुंड्या, हूक आणि रिळांच्या सोबतीला जाऊन पडलो. उपयोग सरला की वस्तूची अडगळ होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण अंधारात वर्षं फार सावकाश जातात.

एके दिवशी झाकण उघडलं. तीच बाई, पण आता तिचे केस पांढरे झाले होते. तिच्या कुशीत तिच्या मुलाची मुलगी होती. "बाई गं, ही तर या डब्यातल्या गुंडीएवढी आहे!" आजी म्हणाली, आणि त्या दिवसापासून पोरीला सगळे गुंडीच म्हणू लागले.

बाळ कसं वाढतं, हे माझ्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. सुरुवातीला गुंडीची मूठ घट्ट मिटलेली असायची. तळव्याला माझा स्पर्श झाला की ती मला पकडायची, पण ते तिच्या मनात असायचं असं नाही. हातच आपला आपण मिटायचा. पुढे मूठ सैल झाली. मग ती माझ्याकडे टक लावून बघायची, हात फेकायची, तो भलतीकडेच जायचा आणि तिला स्वतःचंच नवल वाटायचं. मग मी तिच्या हाती लागलो. तिथून थेट तोंडात! बाळं जग आधी चाखून बघतात. माझ्या मुठीवर तिच्या पहिल्या दाताची खूण अजून आहे.

ती बसायला लागली तेव्हा मला या हातातून त्या हातात घेऊ लागली. मला खाली टाकायची, वाकून बघायची आणि पुन्हा टाकायची. आधी मला फडक्याखाली झाकलं की तिच्यापुरता मी जगातूनच जायचो. आता ती फडकं ओढून मला शोधून काढते. डोळ्यांआड गेलेली वस्तू असतेच, हा शोध तिने स्वतः लावला. अनोळखी माणूस आलं की ती आधी आईचा चेहरा बघते आणि मग हसायचं की रडायचं ते ठरवते. आजीने खोटं खोटं रडून दाखवलं, तर मला आजीच्या हातात कोंबते.

"काय नाद लागलाय हिला या खुळखुळ्याचा! वाजला रे वाजला की हसते," आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी आतल्या आत फुलून जायचो.

गुंडीची आई शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायची. बाळासाठी ती रजेवर होती. एका दुपारी तिच्या हातातून स्टीलची परात निसटली आणि दणका उडाला. मांजर खिडकीतून पसार झालं. गुंडी तेवढी शांत झोपून राहिली.

"बघ, किती गुणी पोर! डोक्याशी ढोल बडवा, उठायची नाही," आजी कौतुकाने म्हणाली.

आईने परात उचलली, पण ती बराच वेळ हातातच राहिली. "आई," ती आजीला म्हणाली, "हिचे कान एकदा तपासून आणूया का? पूर्वी किती आवाज काढायची. आता बाबाबा, दादादा सुरू व्हायला हवं होतं. उलट गप्पच होत चाललीय."

"कान? अगं, खुळखुळ्याकडे कशी बघते, तुला दिसत नाही?"

गुंडीच्या बाबांचं खालीच सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. हात पुसत ते वर आले. "मीसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं म्हणे."

"आणि आता बंद होत नाही. गिऱ्हाईक चाकात हवा भरायला येतं, तू बोलून बोलून त्याचीच हवा काढतोस," आजी म्हणाली. सगळे हसले आणि विषय हसण्यावारी गेला. मग गुंडीला दात येत होते. मग सर्दी झाली. मग दुकानात गर्दी होती. जाण्याचं काही ठरेना.

शेवटी आईनेच करून पाहिलं. गुंडीला चटईवर बसवून ती तिच्या मागे गेली आणि मला वाजवलं. गुंडी चमच्याशी खेळत राहिली. आईने पुन्हा वाजवलं, जोराने. तेवढ्यात हाताची सावली समोरच्या भिंतीवर पडली आणि गुंडी गर्रकन मागे वळून खुदकन हसली.

"वळली की!" आजी म्हणाली.

"सावली बघून वळली, आई."

चहाला वर आलेल्या बाबांनीही ते पाहिलं होतं. "पुढच्या आठवड्यात बघू," बाबा पुटपुटले आणि जिना उतरून गेले.

मित्रांनो, त्या दिवशी मला सगळं उमगलं. गुंडी हसायची ते माझ्या रंगाला. आवाज तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. मला वाईट वाटलं, पण ते स्वतःसाठी नव्हे. तिच्या बुद्धीत काही कमी नव्हतं, मायेत तर नव्हतंच. पण भाषा शिकायला बाळाचा मेंदू पहिल्या वर्षांत जितका तयार असतो, तितका पुढे राहत नाही. लवकर कळलं तर कानाला यंत्र लावता येतं, हातांच्या खुणांची भाषा शिकवता येते. वाट तर आहेच. उशीर तेवढा नको.

मला जपून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात बाळ असेल, तर मला कधीतरी त्याच्या नजरेआड वाजवा आणि ते वळतं का, ते नीट बघा. वळलं नाही, तर पुन्हा बघा. आणि तरीही वळलं नाही, तर त्याला गुणी म्हणून गप्प बसू नका. एवढीच माझी विनवणी.

आज सकाळी आई आंघोळीला गेली होती. गुंडी रडू लागली. आजीचे हात कणकेत होते. तिने सवयीने मला उचललं, आणि काय मनात आलं कोण जाणे, ती पुढे न जाता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. तेच दार, तोच हात. मी वाजलो.

गुंडी रडतच होती.

आजीने जोराने हलवलं. आणखी जोराने. माझ्या बिया लाकडावर नुसत्या तडतडत होत्या. रडणं क्षणभरही थबकलं नाही. मग आजीने हलवणं थांबवलं आणि माझी शेवटची बी खळकन खाली बसली.

ती दाराबाहेर आली. आजीला बघताच गुंडी गप्प झाली आणि तिने दोन्ही हात पसरले. आजीने तिला उचललं, मला तिच्या गालाला टेकवलं आणि हळूच हलवलं. लाकडाची थरथर गालाला जाणवली तशी गुंडी स्तब्ध झाली. मग तिने मला स्वतःच्या हाताने गालावर दाबून धरलं आणि हसली.

आजीने कणकेच्या हातानेच डोळे पुसले आणि जिन्याशी जाऊन खाली हाक मारली, "अरे, दुकान बंद कर आणि वर ये. आपण गुंडीला कानाच्या डॉक्टरांकडे नेतोय. आज, आत्ता. मीही येणार!"