बर्गनचे बूट

पौषातल्या एका सकाळी राहीने नवऱ्यापुढे बूट आणून ठेवले, तेव्हाच भागोजीच्या मनात पाल चुकचुकली. संगमेश्वराजवळच्या त्या वाडीत लग्नालासुद्धा कुणी बूट घालत नसे. पण राहीपुढे कुणाचं काय चालतंय! "बर्गनात चपला चालतील काय?" एवढंच ती म्हणाली, आणि त्याने निमूटपणे पाय आत कोंबले.

बर्गन हे नॉर्वेतलं बंदर. भागोजी पंधरा वर्षं बोटीवर खलाशांचा स्वयंपाकी होता, आणि दर वर्षी त्याची बोट तिथे लागायची. दर वर्षी तिथून पत्र यायचं. राहीला वाचता येत नव्हतं, पण गुरुजींनी एकदा वाचून दाखवलं की तिला ते पाठ. हाडं गोठवणारी थंडी, धक्क्यावरचा मासळीबाजार, दालचिनीचा गोड पाव, डोंगरावरून दिसणारं शहर आणि दुधात शिजवलेलं माशांचं पांढरं कालवण. दूध आणि मासे एकत्र, हे ऐकून वाडीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. 'एक दिवस तुला सगळं दाखवीन' हे प्रत्येक पत्राचं शेवटचं वाक्य. एकदा बायकोला आणायची परवानगीही मिळाली होती, पण नेमकी तेव्हाच सासू अंथरुणाला खिळली आणि राहीचं जाणं राहिलं. गेल्या दिवाळीत भागोजी कायमचा घरी आला, आणि बर्गन राहिलं ते राहिलंच.

मग राहीने ठरवलं, रत्नागिरीतच बर्गन बघायचं. तिथे बंदर आहे, मासळी आहे, डोंगर आहे, आणि यंदा थंडीही बरी पडली होती.

भागोजीला मात्र हे बर्गन नको होतं. कारण बर्गन त्याने धड पाहिलंच नव्हतं! पत्रांतलं सगळं बोटीवरच्या गोवेकर बटलरने सांगितलेलं. ज्या बाईने ती पत्रं पंधरा वर्षं जपली, तिला हे कळलं तर तिच्यासमोर कुठल्या तोंडाने बसायचं, या विचाराने एस्टीत त्याचा डोळा लागला नाही.

रत्नागिरीत उतरल्यावर राहीने पत्राबरहुकूम दिवस चालवला. आधी हॉटेलात कॉफी. मग बेकरीतला गोड पाव, त्यावर तिने पदराच्या गाठीतली दालचिनीची पूड भुरभुरली. लोक बघत होते. बघेनात का! मिरकरवाड्याच्या बाजारात तिने बांगडे उलटेपालटे केले, कोळणीशी उगाच घासाघीस केली आणि काहीही न घेता पुढे निघाली, कारण पत्रात विकत घेतल्याचं नव्हतं. तिच्या मफलर गुंडाळलेल्या तोंडाकडे बघून भागोजीला हसू यायचं आणि लगेच बुटासारखं काहीतरी आतून चावायचं. बायको इतकी आनंदात असताना आपण चोरासारखे चाललोय, हे त्याला सहन होत नव्हतं.

दुपारी मांडवीच्या धक्क्यावर वारा बोचत होता. समोर भगवती किल्ल्याचा डोंगर. राहीने डबा उघडला. आत माशांचं पांढरंशुभ्र कालवण होतं, हळद नाही, मिरची नाही, आमसूल नाही. गाईचं दूध घालायला तिचा हात धजावला नव्हता, म्हणून नारळाचं घातलं होतं. त्याने एक घास घेतला.

"तिथल्यासारखं झालंय?" तिने विचारलं.

रस्त्यांबद्दल, डोंगराबद्दल भागोजी डोळे झाकून थाप मारू शकला असता. पण तो स्वयंपाकी होता. जी चव जिभेला लागलीच नाही, तिच्याबद्दल हो म्हणायला त्याची जीभ उचलेना.

"म्हायती नाय," तो म्हणाला. "मी येकदाच उतारलो व्हतो गो, पयल्या वर्साला. वाट चुकलो. भाषा येत नाय, बर्फ पडतोय. येका कोपऱ्यावर उभा ऱ्हाऊन रडलो. पोलिसानं बोटीवर आणून सोडलान. मंग परत कवा उतारलोच नाय."

राहीने डब्याचं झाकण पुसून बाजूला ठेवलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "बर्गनात चालायला म्हणून हे बूट मी करून दिले व्हते. दर वर्साला परत आणायचात नि मी तेल लावून ठेवायची. तळवा येकदा पण झिजला नाय."

भागोजीचे डोळे भरून आले. मग सुट्टीवर आलो की दर वेळी सगळं परत परत का विचारायचीस, असं त्याने कसंबसं विचारलं.

"दोन म्हयने घरी यायचात. त्यात भावकी, शेती, पावणे. बर्गनाचं सांगाय लागलात का तेवढा येळ माज्याजवळ बसायचात."

भागोजीने डबा पुढे ओढला आणि कालवण शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मीठ जरा कमी होतं, तेही त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, आणि राही खळखळून हसली.

पत्रातला डोंगर चढायचा तेवढा राहिला होता. किल्ल्याच्या चढावर भागोजी लंगडायला लागला. बूट चावतोय, काढून हातात घेतो, म्हणाला.

"नवा हाय, चावनारच," राही म्हणाली, आणि त्याचा हात धरून चढू लागली.