सवतीची बैठक

माझी सवत नुसती उभी राहिली तरी माझ्या कमरेला लागायची. आणि पंख पसरला, एकच होता बिचारीला, तर त्या एका पंखाखाली आमच्या घरातलं सगळं धुणं वाळलं असतं. हसू नका. मी वाळत घातलंही असतं, पण तिनं चिमटे गिळले असते.

हो, गरुडीण. खरीखुरी. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "मादी म्हणा, मादी." मी म्हणायचे, मादी तुमच्या कागदावर, माझ्या दारात ती सवतच.

तुमचे आजोबा तेव्हा पक्ष्यांच्या दवाखान्यात सुतार होते. खुर्च्या-टेबलं नाही करायची. जे पक्षी पुन्हा कधी उडणार नाहीत, त्यांना बसायला दांडे करून द्यायचे. गावाबाहेर मोठ्ठं आवार, त्यात जाळीचे पिंजरे, एकेक आपल्या या घराएवढा, आणि त्यांना लागून आमच्या दोन खोल्या. मागचं दार उघडलं की अंगण, आणि अंगणापलीकडे ती.

लग्न ठरताना मला सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे, शांत आहे, हातात कला आहे. गरुडीण आहे, हे कुणीही सांगितलं नव्हतं.

ती माणसाच्या हातावर वाढलेली. कुणीतरी हौसेनं पाळली, अंगानं वाढल्यावर नको झाली, दिली सोडून, ती गेली थेट विजेच्या तारांत. एक पंख कापावा लागला. पण आपण पक्षी आहोत हे काही तिला शेवटपर्यंत पटलं नाही. तिच्या मते ती माणूसच, जरा नाकानं धारदार. आणि एवढ्या सगळ्या माणसांत बाईसाहेबांनी पसंत कुणाला करावं? माझ्या नवऱ्याला!

डॉक्टरीणबाईंनी मला अगदी गोड आवाजात समजावलं, "वहिनी, तिच्या दृष्टीनं ते तिचे जोडीदार आहेत. हे पक्षी सहसा जोडी बदलत नाहीत."

मी म्हटलं, "आणि माझ्या दृष्टीनं?"

त्या नुसत्या हसल्या आणि कात्र्या उकळायला निघून गेल्या.

रोज सकाळी हे पिंजऱ्यात गेले की ती चोचीत काटकी घेऊन ठुमकत पुढे यायची आणि यांच्या बुटावर ठेवायची. घरटं बांधू या म्हणून! आणि हे ती उचलून खिशात घालायचे. धुवायला टाकलेल्या पँटीत काड्या निघायच्या.

"फेकून का देत नाही?"

"तिच्यासमोर फेकली तर वाईट वाटतं तिला."

मला काय वाटतं हे बघायला यांना सवड कुठे होती? सगळी सवड जायची दांड्यांत. दांडा म्हणजे काय, ठोकली फांदी की झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण नाही! फांदी फार बारीक नको, नाहीतर नख्या वळून स्वतःच्याच तळव्यात रुततात. फार जाडही नको, नाहीतर पंजा सपाट पडतो. गुळगुळीत नको, घसरते. खरबरीत नको, सोलते. सगळीकडे एकसारखी नको, नाहीतर सगळा भार एकाच जागी येतो. म्हणून एक दांडा जाड, एक बारीक, एक वाकडा. कुठे काथ्याची दोरी गुंडाळलेली, कुठे ते हिरवं खोटं गवत ठोकलेलं. हे अंगणात बसून फांदी मुठीत धरायचे, डोळे मिटायचे, बोटं हळूहळू आवळायचे आणि पुटपुटायचे, "इथे जरा टोचेल तिला."

त्याच अंगणात मी तुटक्या चपलेला सुतळी बांधून फिरत होते.

एकदा माझी नणंद राहायला आली. बघते तर भाऊ पुठ्ठ्याच्या कड्या कापतोय.

"हे काय रे, दादा?"

"पंजाचं माप."

"अस्सं! आणि वहिनीला किती नंबरची चप्पल लागते?"

हे विचारात पडले. माझ्या पायांकडे बघितलं, मग लांब टेकडीकडे बघितलं. "असेल की... साधारण असते तेवढी."

नणंद हसून हसून आडवी झाली. मी हसले नाही. मी भांडी घासायला घेतली. असा आवाज काढला की पलीकडच्या पिंजऱ्यातल्या घुबडांनी त्या दिवसापासून दुपारी झोपणं सोडलं.

बरं, एवढी सेवा करून ती दांड्यांवर बसायची का? छे! सगळे दांडे रिकामे. महाराणी बसायची कोपऱ्यात, पाण्याच्या हौदाच्या सिमेंटच्या कठड्यावर. यांनी उचलून दांड्यावर ठेवली की तिरकी उडी मारून परत कठड्यावर. कठड्याला खोटं गवत ठोकलं, तिनं उपटून हौदात टाकलं. कठड्यावर तिरक्या फळ्या मारल्या, तर त्याच कोपऱ्यात खाली फरशीवर जाऊन उभी राहिली. तळवे सुजले, लाल झाले, मग एका पायाला गाठ आली.

डॉक्टरीणबाईंनी पंजा बघितला. तेव्हा मात्र त्यांचा आवाज गोड नव्हता. "कडक जागेवर उभं राहून राहून झालंय हे. औषध मी देते, पण ती तिथून हलली नाही तर औषधाचा उपयोग नाही. हाडापर्यंत गेलं तर तिला कायमचं झोपवावं लागेल."

यांनी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी? मला वाटलं, सुटले! मनातल्या मनात मागच्या दाराला फुलाफुलांचा पडदासुद्धा लावून झाला. पण मग यांचं तोंड बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बये, जिवंत सवत एक वेळ परवडते. ती म्हातारी होते, पिसं गळतात, चिडचिडी होते. मेलेली सवत मात्र कायमची तरणी आणि गुणाची! हा माणूस जन्मभर माझ्यासमोर बसून तिच्या नावानं उसासे टाकणार, आणि मी कुणाशी भांडणार? तिचं काय म्हणून उणं काढणार?

मी ठरवलं, ही मरता कामा नये. निव्वळ जळफळाटापायी ठरवलं, आणि पदर खोचला.

त्या दिवशी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. उभ्यानं. घरात टेबल होतं, स्टूल होतं, तरी मी मोरीजवळच्या कोपऱ्यात गार फरशीवर उभी राहूनच चिरायचे. टाचा ठणकायच्या, भेगा पडल्या होत्या, पण जागा सोडायची नाही. का? कारण त्याच कोपऱ्यातल्या खिडकीतून पिंजऱ्याचं दार दिसायचं. हे आत किती वेळ असतात, काय करतात, सगळं.

एक पाय उचलून टाच चोळत होते, सहज वर बघितलं, तर ती समोर. तीही एका पायावर. आणि डोळे थेट माझ्यावर! ते पिवळे डोळे असे, की माझ्या चुलीवरचं दूध तिथल्या तिथे नासलं.

मी सुरी टाकली आणि अंगणात गेले.

"अहो! तिला त्या कोपऱ्यातच बसायचंय. दांडा तिथे लावा."

"त्या कोपऱ्यात?" हे खुळ्यासारखे बघायला लागले. "मी तिला टेकडीकडे तोंड करून दांडे दिलेत. तळं दिसतं, सूर्य उगवताना दिसतो. त्या कोपऱ्यातून काय दिसतं? आपली मोरी!"

"आणि मागचं दार."

"मग?"

"मग काय मग! तुम्ही घरी आलात की कुणापाशी बसता, कुणाच्या हातचा चहा पिता, ते दिसतं. तुमच्या दांड्यांवरून सगळं जग दिसतं, फक्त मी दिसत नाही."

"अगं, पक्ष्यांना असलं काही नसतं."

"तुम्हाला काय कळणार? तुम्ही कधी कुणावर जळलात का?"

यांनी हातातला रंधा खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाले, "एकदा. आपल्या लग्नात. तुझा तो उंच मावसभाऊ, त्याच्यावर. सारखा तुझ्या कानाशी लागत होता."

"तो? अहो, त्याची पँट मागून उसवली होती, तो सेफ्टीपिन मागत होता!"

"ते मला कुठे माहीत होतं?" म्हणाले. एवढ्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला, आणि फांद्या बघायला उठले.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की त्या आनंदात मीसुद्धा आरी धरली.

तो दांडा मात्र यांनी जीव ओतून केला. पंख घासू नये म्हणून जाळीपासून लांब घेतला. कुठे जाड, कुठे बारीक अशी मधे वाकलेली फांदी निवडली. एका पंखानं उडता येत नाही, म्हणून जमिनीपासून तिथपर्यंत चढायला तिरका ओंडका लावला आणि त्याला दोरीचे वेढे दिले. उंची माझ्या डोळ्यांच्या रेषेत. तसं मी बजावूनच सांगितलं होतं, समोरासमोर होऊन जाऊ दे.

ती ओंडक्यावरून टकटक चढली. बसली. माझ्याकडे बघितलं. फिस्स केलं आणि उतरून परत फरशीवर!

हे डोकं खाजवत म्हणाले, "गरुडाला वरून बघायचं असतं. माणूस खाली असला की त्याला निर्धास्त वाटतं."

"वर म्हणजे किती वर?"

"तुझ्या डोक्याच्या वर."

"माझ्या घरासमोर, माझ्याच डोक्यावर? मग असं करा ना, अंगणात खड्डा खणा, मी त्यात उभी राहते!"

यांनी खरंच विचार केला. "नको, पावसात पाणी साचेल. दांडाच वर घेऊ."

घेतला वर. काय करते? तिच्या पायाच्या गाठीकडे बघून मी दात-ओठ खाल्ले आणि फळी धरून उभी राहिले. ती चढली, बसली, अंग फुलवून परत आवळलं आणि माझ्याकडे असं खाली बघितलं, जशी काही घरमालकीणच. पण बसली! दुसऱ्या दिवशीही तिथेच, तिसऱ्या दिवशीही तिथेच. मोठ्या ऐटीत कधी हा पाय पोटाशी, कधी तो.

मीही गप्प बसणारी नव्हते. संध्याकाळी मुद्दाम मागच्या पायरीवर चहा आणायचे, यांच्या खांद्याला खांदा लावून बसायचे आणि हळूच वर बघायचे. ती अशी किंचाळायची, की झाडावरचे कावळे पिकल्या फळांसारखे टपाटप खाली पडायचे. मी यांना म्हणायचे, "बघा, किती ठणठणीत आवाज लागलाय!" हे खूश व्हायचे. मी आणखी जवळ सरकायचे.

पुढे एकदा डॉक्टरीणबाई आल्या. तिला टॉवेलात गुंडाळून धरलं, दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितले आणि सोडून दिलं. ती तरातरा आपल्या जागेवर जाऊन बसली. मी चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभी.

"गाठ गेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाड वाचलं. आता काळजी नाही."

यांना काय करू आणि काय नको असं झालं. डोळ्यात टचकन पाणी आलं आणि यांनी चटकन डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. धरले ते धरलेच. हलवतायत आपले. आणि डॉक्टरीणबाईही हात सोडवून घेण्याची काही घाई करत नव्हत्या!

मी वर बघितलं. तिनं खाली बघितलं.

आणि एकाच क्षणी तिनं पंख फाडकन उघडून किंकाळी फोडली आणि मी ओरडले, "अहो! चहा गार होतोय!"

यांनी हात सोडले, तापलेली कढई सोडावी तसे. आधी वर बघितलं, मग माझ्याकडे.

"दोघींना एकदम काय झालं?"

तिनं पंख मिटला. मी यांच्या हातात कप दिला.