गिटारचं बटण

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला देवजीनं दाखवलं. परका असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. हा आमच्याच सानपाडा गावातला, शाळेत माझ्या बाकावर बसलेला, आमच्या बँजो पार्टीत माझ्या शेजारी उभा राहून कीबोर्ड वाजवणारा.

पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा मी एकटा. आजूबाजूच्या गावांत तेव्हा बँजो पुष्कळ, गिटार कुणाकडेच नव्हती. हळदीची, वरातीची सुपारी द्यायला आलेले लोक आधी विचारायचे, "लाल गिटारवाला हितेश येनार ना?" एकवीरा आईच्या गाण्याआधी मी एक पीस वाजवायचो. माझा स्वतःचा. शेवटच्या सुराला मी तार बोटानं वर ढकलायचो, सूर कळवळत चढायचा आणि बायका पदर खोचून उठायच्या. सगळ्यांत आधी माझी आई, चंद्राबाई. वाशीच्या बाजारात दिवसभर मासळी विकून पाय सुजलेले असले तरी.

आमच्यात नोटेशन कुणाला येत नाही. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं ऐकून बसवायचं, आणि कुणी मागितलं तर हात आखडायचा नाही, ही पार्टीची रीत. देवजी म्हणाला, "तुझा पीस मी पन सोबत वाजवला तर भरल्यासारखा वाटंल. शिकव ना." शिकवला. त्याला जमेना, तर टेपरेकॉर्डर लावून सावकाश, एकेक सूर सुटा करून भरून दिला. एवढा शहाणा मी! आयत्या बिळावर नागोबा येतो म्हणतात. मी तर नागोबाला हाताला धरून बिळात नेऊन बसवलं.

एका दुपारी नेरूळ स्टेशनबाहेर कॅसेटच्या टपरीवर माझा पीस वाजला. आधी मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? मग शेवटचा सूर आला आणि सरळच्या सरळ निघून गेला. चढला नाही, कळवळला नाही. गिटार नव्हतीच ती. कीबोर्डवर गिटारच्या आवाजाचं बटण असतं, ते दाबून देवजीनं वाजवलं होतं. हा दादरच्या स्टुडिओत कधी जाऊन आला, मला पत्ताही नव्हता.

संध्याकाळी त्याला घरी गाठलं.

"कॅसेटवाल्याला एकच मानूस पायजे होता," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कीबोर्डमधे सगळं येतं ना, ढोलकी, बासरी, गिटार. फुकटचं टेन्शन नको घेऊस. तुझाच पीस गाजतोय की."

"मग मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर वाजवू दिला असतास?"

नसताच दिला. हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच तो गेला होता. कॅसेट ऐकून जळलो नव्हतो एवढा त्या उत्तरानं जळलो.

पार्टी सोडावी असं शंभरदा मनात आलं. पण नारळी पौर्णिमेची मिरवणूक आपल्याच गावची. मला एकच हवं होतं: गावानं खरा पीस ऐकावा आणि देवजीच्या देखत म्हणावं, हा हितेशचा. गावाचे कान मला दगा देणार नाहीत, याची मला खात्री होती.

टेम्पोवरचा जनरेटर सुरू झाला. मिरवणूक खाडीच्या वाटेला लागली आणि एकवीरेच्या गाण्याची फर्माईश आली. मी देवजीला हातानं थांबवलं, आवाज मोठा केला आणि जीव ओतून वाजवलं. शेवटच्या सुराला तार ढकलली, वर, अजून वर.

नाचणारे अडखळले. घराघरांत कॅसेट वाजून वाजून तो सरळ सूर त्यांच्या अंगात बसला होता. माझा सूर चढेपर्यंत त्यांचं पाऊल पडून गेलं होतं. कुणीतरी ओरडलं, "बेसूर हाय रं!" आणि हशा झाला.

मी आईकडे बघितलं. ती पदर खोचून, हात वर धरून तशीच थांबली होती. मग टेम्पोजवळ आली आणि अगदी मायेनं, चारचौघांत पोराची फजिती होऊ नये म्हणून हळूच म्हणाली, "चुकलास रं बाला. कॅसेटमधे हाय तसा वाजव. देवजीला विचार, तो दाखवंल."

देवजीनं मान वर न करता पहिला सूर धरला, आणि आई नाचायला लागली.