स्वतःच्या अक्षरात

"अचानक गेले, मॅडम! पाय दाबला तर ब्रेकच नाही. शपथ घेऊन सांगतो, त्याआधी गाडीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं."

टेम्पोवाला हे तिसऱ्यांदा सांगत होता. तिन्ही वेळा त्याची नजर इन्स्पेक्टर मॅडमवरून घसरून दाराशी उभ्या असलेल्या हवालदारांकडे गेली. बारा दिवसांपूर्वी त्यांनी याच माणसाला चौकात अडवलं होतं, याच टेम्पोच्या ब्रेकसाठी, आणि दंड न करता सोडून दिलं होतं. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती आणि ते दोघंही आता या खोलीत होते.

मॅडम वयाने हवालदारांच्या मुलीएवढ्या, पण कामात भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अचानक गेले असतील तर कलम हलकं लागेल. पण ठाऊक असून गाडी रस्त्यावर काढली असेल, तर तुझी सुटका नाही. काका, चौकात तुमचीच ड्यूटी असते ना? याला कधी अडवलं होतं?"

"बघून सांगतो," हवालदार म्हणाले.

बघायचं काय होतं डोंबल! सगळं डोळ्यांपुढे लख्ख होतं. तरी ते मागच्या खोलीत गेले आणि आपल्या कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली.

या वहीवरून स्टेशनात त्यांची भरपूर थट्टा चालायची. 'काकांची शाळा' म्हणायचे सगळे. पहिल्यांदा चुकलेल्या माणसाकडून हवालदार दंड घेत नसत, त्याच्याकडून वहीत लिहून घेत. काय केलं, केव्हापर्यंत सुधारणार, आणि खाली 'पुन्हा असं करणार नाही.' दंडाची पावती माणूस फेकून देतो, पण स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं त्याला टोचत राहतं, असं त्यांचं ठाम मत. दुसऱ्यांदा सापडला तर मात्र सख्ख्या भावाचीही गय नाही. एका मास्तरांनी तर दुसऱ्या दिवशी बायकोला आणून तिलाही सही ठोकायला लावली होती, पालक म्हणून! चौतीस वर्षांच्या नोकरीत हवालदारांना अभिमान वाटावा अशी हीच एक गोष्ट होती.

टेम्पोवाल्याचं पान सापडलं. 'माझ्या गाडीचे ब्रेक नीट लागत नाहीत. आठ दिवसांत दुरुस्त करून हवालदारसाहेबांना आणून दाखवीन.'

आठव्या दिवशी हवालदार पेन्शनच्या कागदांसाठी मुख्य कचेरीत गेले होते. नवव्या दिवशी विसरले. दहाव्या दिवशीही विसरले. आणि काल तो टेम्पो शिवणकामवाल्या बाईंच्या अंगावर गेला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हवालदारांची वर्दी गेली वीस वर्षं त्याच बाई शिवत आल्या होत्या. अंगावरची पँटही त्यांनीच महिन्यापूर्वी कमरेत सैल करून दिली होती. "भाऊ, आता निवृत्तीपर्यंत बघायला नको," असं वर हसून म्हणाल्या होत्या. आज सकाळी दवाखान्यात मात्र त्यांनी एवढंच विचारलं होतं, "भाऊ, माझं मशीन पायाचं आहे हो. एका पायानं चालेल का ते?"

निवृत्तीला चार महिने उरले होते. वही पुढे आली की चौकशी बसणार, पेन्शन लटकणार, घरी बायकोला तोंड कसं दाखवायचं तेही कळेनासं होणार. पान फाडलं तर कोणाला पत्ता लागणार नव्हता. त्यांनी पानाचा कोपरा दोन बोटांत धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मग वही मिटून ते बाहेर आले. मॅडमनी टेम्पोवाल्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. पलीकडचा शिपाई फोनवर बोलत होता. हवालदार जवळ येताच टेम्पोवाला खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही मला सांभाळलंत, मी तुम्हाला सांभाळतो. वहीचं नावसुद्धा काढणार नाही."

हवालदारांना त्याचा राग यायला हवा होता. आली ती स्वतःची किळस. ते तडक आत गेले आणि मॅडमसमोर वही उघडून ठेवली.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. उठून दार लावलं.

"काका, ही वही सरकारी नाही. हिची कुठे नोंद नाही."

"नाही."

"मी ती बघितलीच नाही असं धरते. गॅरेजवाल्यांकडून काही हाती लागतं का बघू."

"आणि नाही लागलं तर?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या वेळी सगळ्यांना सोडता ना? मग मला एकदा तुम्हाला सोडू द्या."

पोटच्या मुलीने म्हणावं तसं त्या म्हणाल्या होत्या. 'बरं' एवढा एक शब्द उच्चारला की सगळं मिटत होतं.

"सोडलेल्या माणसाकडे नंतर जाऊन बघावं लागतं, मॅडम," ते म्हणाले. "मी सोडलं आणि मोकळा झालो. माझ्या मोकळं होण्यात त्या बाईंचा पाय गेला."

त्यांनी वही आपल्याकडे ओढली, कोरं पान काढलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं. 'ब्रेक नीट नाहीत हे माहीत असून मी टेम्पो सोडला. आठ दिवसांनी बघितलं नाही.' पुढचं वाक्य त्यांनी शेकडो लोकांकडून लिहून घेतलं होतं. आज पेन तिथे अडलं. पुन्हा करायला आता चौक कुठे राहणार होता? त्यांनी तारीख घातली आणि सही केली.

मॅडमनी वही मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मघाशी टेम्पोवाला बसला होता तीच खुर्ची.

"बसा, काका."

चौतीस वर्षांत हवालदार टेबलाच्या त्या बाजूला पहिल्यांदा बसले. मॅडमनी जबाबाचा कोरा कागद पुढे ओढला.

"नाव?"

हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं.