आधी दार, मग घर

त्या वर्षी कोकणातून परतताना म्हाळसाबाईच्या गुडघ्यांनी घाटातच दगा दिला. मेंढरं देशावर आली तेव्हा म्हातारी सगळ्यांच्या मागं, घोड्याच्या खोगिराला धरून चालत होती. सून सारजा ते रोज बघत होती. कऱ्हाटीच्या मुक्कामाला ती नवऱ्याला, सिद्धूला, म्हणाली, "औंदा लासुर्ण्याला आपल्या रानात घर घालू. आत्याबाईंच्यानं आता चालणं हुयाचं न्हाय."

लासुर्ण्याला कालव्याच्या खालच्या अंगाला सिद्धूच्या बापानं जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. पावसाळ्यात तिथं त्यांचं कापडी पाल पडायचं, बाकी वर्षभर तो मोकळाच असायचा.

"लोकरीचं पैसं बी-बियाणाला आन् पाणीपट्टीला पुरलं तरी लई झालं," सिद्धू म्हणाला. "घर कशानं घालतीस?"

म्हाळसाबाई तर ऐकायलाच तयार नव्हती. "जन्म उघड्यावर गेला माझा. आता मला कुठं कोंडतीस?"

सारजाचं डोकं मात्र चालू होतं. मेंढरं रावजी माळ्याच्या वावरात बसवली होती. लेंडीखतानं रानाला कस येतो म्हणून दर साली रावजी त्याबद्दल जोंधळा द्यायचा. यंदा त्यानं नवं घर बांधलं होतं आणि जुन्या घराचं सागवानी दार गोठ्यात धूळ खात पडलं होतं. निघायच्या दिवशी रावजी जोंधळा मापायला बसला, तशी सारजा पुढं झाली.

"तात्या, जोंधळा निम्माच द्या. त्याच्या बदली ते दार द्या."

रावजीनं तिच्याकडं बघितलं, मग सिद्धूकडं. "घर कुठं हाय तुमचं?"

"न्हाय अजून," सारजा म्हणाली. "पर दार आलं म्हंजी घर घालावंच लागंल."

रावजी हसून उठला आणि दार काढून दिलं. त्याची बायको छबूबाई हिनं वांग्याचं बी फडक्यात बांधून सारजाच्या ओटीत टाकलं.

दाराची एक फळी घोड्याच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला, आणि सुटी केलेली चौकट वर आडवी. घोडं आधीच म्हातारं, ते असं बघायला लागलं की जणू चूक त्याचीच होती. सिद्धू सगळ्या वाटेनं मान खाली घालून चालला. भेटेल तो विचारायचा, "कुणाचं घर मोडलंस रं?"

वैशाखाचा वारा सुटला होता. संध्याकाळी मुक्काम पडला की भाकरीत माती यायची. सारजानं दोन्ही फळ्या बाभळीला टेकवून उभ्या केल्या आणि सासूला आडोशाला बसवलं. पहिल्या दिवशी म्हातारी कुरकुरली. दुसऱ्या दिवशी तिनं चुलीचे दगडही आडोशाला ओढून घेतले. तिसऱ्या मुक्कामाला घोड्यावरचं ओझं उतरायच्या आधीच तिनं वारा कुठून येतो ते बघून जागा धरून ठेवली.

बारामतीच्या पेठेतून जाताना एका व्यापाऱ्यानं दारावर हात फिरवला, बोटानं वाजवून बघितलं आणि चांगली किंमत सांगितली. सिद्धू थांबला. एवढ्या पैशात काय काय येईल याचा हिशेब त्याच्या तोंडावर दिसायला लागला. सारजा दाराच्या फळीला हात लावून उभी राहिली. चारचौघांत नवऱ्याचा शब्द मोडायचा कसा?

तेवढ्यात मागून म्हाळसाबाई लंगडत आली. "सिद्धा, घोडं हाक. दार इकायचं न्हाय."

"आये, तुलाच घर नगं हुतं न्हवं?"

"घर नगंच हाय. पर माज्या पाठीला वारा लागतोय."

सिद्धूनं घोडं हाकलं. सारजानं पदर तोंडाला लावला आणि पेठ संपेपर्यंत काढलाच नाही.

लासुर्ण्याला पोचल्यावर पहिली उभी राहिली ती चौकट. सिद्धू मेंढरांतला माणूस, भिंतीतलं त्याला काय कळतंय? त्यानं माती तुडवली आणि एका दमात पुरुषभर भिंत चढवली. दुसऱ्या दिवशी ती बसली. चौकट तेवढी ताठ. शेजारचा महिपती बांधावरून हे बघत होता. तो हसत हसतच आला.

"गड्या, ओल्या भितीवर भीत चढवत न्हाईत. रोज हातभर. वाळू दे, मग फुडं."

मग रोज हातभर भिंत चढली. महिपतीच्या ऊस तुटलेल्या वावरात मेंढरं बसवली, त्याच्या बदली छपराला पाचट आणि बाभळीचे वासे मिळाले. घर झालं तेव्हा समोरची निम्मी भिंत दारानंच खाल्ली होती. लासुर्ण्याची माणसं वाट वाकडी करून ते बघायला येत, आणि म्हाळसाबाई उंबऱ्यावर बसून त्यांना पाणी देई.

पाऊस चांगला झाला. सारजानं वांगी लावली, कडेनं मिरची. दिवाळी झाली आणि भावकीची मेंढरं कोकणाकडं निघाली, तसा सिद्धूही घोंगडं खांद्यावर टाकून उभा राहिला.

"आये, घोड्यावर बसून येतीस का? संबाळून नीन."

"वांग्यांस्नी पानी कोन पाजील मग?" म्हातारीनं त्याच्याकडं न बघताच विचारलं.

सिद्धू गेला. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला तो पुन्हा दारात हजर.

"मीठ इसरलो," तो म्हणाला.

मीठ सारजानं स्वतःच्या हातानं बांधून दिलं होतं. तिनं ताट घेतलं आणि भरल्या वांग्याची भाजी त्याच्यापुढं वाढली. त्यानं दोनदा मागून घेतली.