खांडी कुऱ्हाड आणि काचेतली बंदूक

मी एक जुनी कुऱ्हाड आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करते, मी पक्की जळकुकडी आहे. परंडा तालुक्यातल्या एका घराच्या ओसरीवर मी भिंतीला टेकून असायची. समोरच शाळा. तिथं काचेच्या कपाटात एक बंदूक आहे. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, तिला झेंडूचा हार घालत. ते बघून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शाळेच्या भिंतीवर माझंही चित्र आहे बरं का! 'झाडे लावा'च्या खाली. त्यावर लाल फुली मारलेली आहे.

आणि माझी मोठी कामगिरी झाडं तोडण्याचीच! देश स्वतंत्र झाला, तरी आमच्याकडं निजामाचंच राज्य होतं. शिंदीच्या झाडांपासून दारू व्हायची आणि तिच्या करावर सरकार पोसलं जायचं. म्हणून सत्याग्रही शिंदी तोडायला निघाले. माझे मालक धुळाप्पा त्यांत पुढं होते. लोहारानं मला घडवून फार दिवस झाले नव्हते. ओढ्याकाठची किती शिंदी आम्ही आडवी केली! धुळाप्पा घाम पुसायचे, माझं पातं अंगठ्यानं चाचपायचे आणि म्हणायचे, "शाब्बास गं!" तसं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मग एकदा भर दुपारी धुळाप्पा दोन सोबत्यांना घेऊन करोडगिरी नाक्यावर गेले. हद्दीवरच्या जकातीच्या चौकीला तेव्हा करोडगिरी नाका म्हणत. शिपाई भाकरी खात बसले होते. एकानं हातातला घास टाकला, बंदूक उचलली आणि धुळाप्पांच्या छातीवर रोखली. होय, तीच ती काचेतली! धुळाप्पांनी बाजूनं मला तिच्या दस्त्यावर हाणलं. बार आभाळात उडाला, शिपाई बंदूक टाकून पळाले. माझ्या धारेचा एक तुकडा मोडला. तो कुठं गेला, हे त्या धांदलीत कुणी बघितलं नाही. धुळाप्पांनी बंदूक हद्दीपलीकडच्या, मुक्तिसैनिकांच्या कँपात देऊन टाकली. खांड पडलेली मी तेवढी घरी आले.

पुढं निजामाचं राज्य गेलं. कँपातल्या लोकांनी बंदूक शाळेला दिली. खाली पाटी लागली, 'मुक्तिसैनिकांची बंदूक'. अहो, ती तर आमच्यावरच रोखलेली होती! तिला हार, आणि मला रोज सरपण फोडायचं काम. ती माझी सवतच झाली.

धुळाप्पांनी स्वातंत्र्यसैनिक म्हणून नाव लागावं यासाठी कचेरीत अर्ज केला. "साक्षीदार आणा," असं उत्तर आलं. दोन्ही सोबती तोवर वारले होते. गावातली पोरं हसायची, "शिंदी तोडली, अन् म्हणं बंदूक हिसकली!" धुळाप्पा मग गप्पच झाले. जाताना मुलाला, उत्तरेश्वरला, एवढंच म्हणाले, "म्या खोटं न्हाय बोललो रं."

उत्तरेश्वर आता पंचाहत्तरीचे आहेत. लोकांचं ऐकून ऐकून त्यांचाही त्या गोष्टीवरचा विश्वास उडत चालला होता. गेल्या सप्टेंबरात त्यांनी मला उचललं आणि म्हणाले, "लोहाराकडं नेतो. ही खांड घासून काढली म्हंजी झालं." धुळाप्पांची तेवढीच एक खूण माझ्या अंगावर होती.

तेवढ्यात त्यांची नात वैष्णवी शाळेतून धावत आली. कार्यक्रमासाठी बंदूक पुसायचं काम तिच्याकडं होतं.

"आबा, थांबा! कुऱ्हाड घिऊन शाळंत चला!"

"शाळंत कुऱ्हाड? तुझ्या मॅडम मला हाकलून देतील."

"चला तर तुम्ही!"

विमल मॅडमनी बंदूक टेबलावर ठेवली होती. तिच्या दस्त्यात एक गंजका खिळा होता. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना तो खिळा वाटत होता. पुसताना वैष्णवीला दिसलं, की तो गोल नाही, चपटा आहे, आणि त्याची कड वाकडीतिकडी मोडलेली आहे. मॅडमनी माझं पातं हळूच त्याच्यावर टेकवलं. तो तुकडा माझ्या खांडीत चपखल बसला.

उत्तरेश्वरांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला.

"आण्णा," ते आपल्या मेलेल्या बापाला म्हणाले, "साक्षीदार घावला."

मित्रांनो, जिच्या नावानं मी बोटं मोडत आले, तिनंच माझा तुकडा अंगात सांभाळला होता. आणि मी तिला सवत म्हणत होते! म्हणून एक विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तू जरूर पुसा, पण त्यांच्या खांडी घासून टाकू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ही कशानं पडली?

आता मीही त्याच कपाटात असते, तिच्या शेजारी. सतरा सप्टेंबरला दोन हार आले. तिचा जरा मोठा होता, ते मी बघितलंच. पण नव्या पाटीवर धुळाप्पांचं नाव आहे, आणि ती पाटी माझ्या बाजूला लावली आहे.